खऱ्या कळा, खोट्या कळा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी कात्रजचा घाट मागे टाकून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर आला, म्हणजे नीरा नदीच्या पुलाशी पोहोचतो. पुलाच्या अलीकडे सारोळे, पलीकडे शिरवळ. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा जिल्हा. भरधाव जाणाऱ्याला सारोळे हा वाटेवरचा एक फलक वाटतो. परंतु पश्चिमेकडे भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरांत, रोहिड खोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे अशी ज्या मुलुखाची जुनी नावे आहेत तेथे राहणाऱ्या माणसाला हा रस्ता म्हणजे बाहेरच्या जगाचा उंबरठा आहे. या मुलुखाचे नाव इतिहासात येते ते राजगड आणि तोरण्यामुळे. आम्हीही आज इतिहासच सांगणार आहोत. पण तो गडांचा नव्हे. घरोघरी, रात्री-अपरात्री, बाजेपाशी बसून हजारो वर्षे घेतल्या गेलेल्या एका निर्णयाचा तो इतिहास आहे.

प्रसंग असा मनासमोर आणावा. पावसाळ्याची रात्र आहे. डोंगरातल्या एका वाडीवर पहिलटकरीण सून निजली आहे. नववा महिना लागला आहे. कूस बदलताना तिचे पोट एकाएकी आवळून येते, दगडासारखे घट्ट होते, अर्धा-पाऊण मिनिट तसेच राहते आणि सैल पडते. काही वेळाने पुन्हा तसेच होते. ती सासूला हाक मारते. सासू कंदील पुढे घेते, पोटावर हात ठेवते, आणि सर्व घरापुढे एकच प्रश्न उभा राहतो : या कळा खऱ्या की खोट्या?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना धोका आहे. खऱ्या मानल्या, तर अंधारात, पावसात तिला घेऊन रस्त्याला लागावे. दवाखान्यात तपासून सांगावे की अजून अवकाश आहे, घरी न्या. आणि ओशाळून सर्वांनी परत यावे. खोट्या मानल्या आणि स्वस्थ बसले, तर बाळंतपण वाटेत किंवा अंगणात होण्याची पाळी यावी. पहिल्या चुकीतून दुसरी जन्म घेते, ही यातली खरी मेख आहे. एकदा उगाच धावपळ झाली की पुढच्या वेळी पोरगी सांगायला कचरते, आणि सांगितले तरी घरचे लगेच उठत नाहीत. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. फरक एवढाच, की गोष्टीतला पोरगा थट्टा करीत होता. ही पोरगी खोटे बोललेली नसते.

हा प्रश्न किती जुना आहे हे पाहू गेल्यास चरकसंहितेपर्यंत जावे लागते. तिच्या शारीरस्थानात बाळंतपणाची तयारी कशी करावी याचे सविस्तर वर्णन आहे. नवव्या महिन्यापूर्वीच सूतिकागृह उभारून ठेवावे, पुष्कळदा प्रसवलेल्या, मायाळू, न घाबरणाऱ्या स्त्रिया जवळ असाव्यात, असे तेथे सांगितले आहे. प्रसववेदनांना त्या ग्रंथात ‘आवी’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्या सुरू झाल्याशिवाय गर्भिणीने जोर करू नये, असे चरक बजावतो. अकाली केलेला जोर व्यर्थ जातो आणि मुलालाही बाधतो, असे त्याचे म्हणणे. सुश्रुतानेही अवेळी जोर करण्याविरुद्ध इशारा दिला आहे, आणि योग्य वेळ आल्यावरसुद्धा प्रथम हळूहळू व मग अधिक, असा क्रम सांगितला आहे. त्या अकाली जोराने मुलात अमुक व्यंगे येतात असे या ग्रंथांत म्हटले आहे, ते आज कोणी वैद्य मानणार नाही. पण वेळ येण्यापूर्वी गर्भिणीकडून जोर करवू नये, हा मूळ उपदेश आजही तंतोतंत खरा आहे.

चरकाच्या त्याच अध्यायात एक लहानसा वाद आहे, आणि आमच्या विषयाचे सर्व सार त्यात आले आहे. वेदना येत आहेत, पण प्रसव होत नाही, अशा स्त्रीच्या हाती मुसळ द्यावे आणि धान्याने भरलेल्या उखळात तिला पुन्हापुन्हा कांडायला लावावे, म्हणजे मोकळी होईल, असे काहींचे मत होते. आत्रेय ते साफ नाकारतो. गर्भिणीने कठोर श्रम टाळावेत असे आपण एरवी सांगतो. मग नेमके प्रसवकाळीच, जेव्हा शरीर सर्वांत नाजूक अवस्थेत असते, तेव्हा तिच्या हाती मुसळ कसे द्यावे, असा त्याचा युक्तिवाद आहे. तिने जांभया द्याव्यात, थोडे इकडेतिकडे फिरावे, एवढेच तो सांगतो. याचा अर्थ असा, की दीड-दोन हजार वर्षांपूर्वीही दोन पक्ष होते. एक म्हणत होता, काहीतरी करा. दुसरा म्हणत होता, थांबा आणि पाहा. मुसळाचा हा पक्ष पुढेही निरनिराळ्या रूपांनी येत राहिला, हे आपण पाहणारच आहोत.

ग्रंथ पंडितांनी लिहिले. पण पोटावर हात होता तो सुइणीचा. तिला अक्षरओळख नव्हती, घड्याळ नव्हते. तरीही खऱ्या-खोट्याची पारख करण्याच्या तिच्या काही रीती होत्या. गर्भार बाईला गरम पाणी किंवा चहा प्यायला द्यायचा, थोडे चालवायचे, मग कुशीवर निजवायचे, आणि वाट पाहायची. कळ विरली, तर अजून अवकाश आहे. वाढत गेली, तर चूल पेटवून पाणी ठेवा. आपल्या देशात ठिकठिकाणी ही रीत आढळते, आणि आजचे वैद्यकही जवळजवळ हेच सांगते. अंगातले पाणी कमी झाले, लघवी तुंबली, दिवसभर उभ्याने काम झाले, की सरावाच्या कळा वाढतात. पाणी प्यायल्याने, लघवी केल्याने, कूस बदलल्याने त्या पुष्कळदा थांबतात. खऱ्या कळा अशा कशानेही थांबत नाहीत.

परंतु सुइणीचे गुणगान करून थांबणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. सर्वच सुइणींना धीर नव्हता, आणि सर्वच घरे त्यांना धीर धरू देत नव्हती. दोन रात्री कळा येऊन जात आहेत म्हटल्यावर घरातून तगादा सुरू होई. मग पोट दाबायचे, पुन्हापुन्हा आत हात घालून पाहायचे. ज्या काळी जंतूंची कल्पना नव्हती, त्या काळी असा प्रत्येक स्पर्श म्हणजे सूतिकाज्वराला निमंत्रण होते. सुश्रुताने प्रसूतीसाठी चार वयस्क, कुशल आणि नखे कापलेल्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले होते. पण ती शिस्त वाडीवाडीत टिकली नाही. युरोपातील मोठमोठ्या रुग्णालयांतसुद्धा निराळी स्थिती नव्हती. व्हिएन्नात सेमेलवाइस याने १८४७ साली डॉक्टरांना औषधी पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा तेथील बाळंतिणींचे मरण एकदम घटले. आणि तरीही त्याचे म्हणणे मान्य व्हायला पुष्कळ वर्षे गेली. तेव्हा खोट्या कळा स्वतः कोणाला मारीत नसत. त्यांना खऱ्या समजून केलेली घाई मारीत असे.

आता ‘खोट्या’ हा शब्द कोठून आला ते पाहू. इंग्लंडमध्ये विल्यम स्मेली या डॉक्टरने १७५२ साली प्रसूतिशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. खऱ्या कळा आणि खोट्या कळा असा भेद त्याने त्यात केला आहे. त्याची कसोटी अशी, की कळेबरोबर गर्भाशयाचे तोंड उघडते का ते पाहावे. उघडत असेल तर ती खरी. कसोटी उत्तम होती. पण शब्दाने मात्र घोटाळा केला. जे ‘खरे’ नाही ते ‘खोटे’, आणि जे खोटे ते निरर्थक, अशी समजूत रूढ झाली. मराठीतही आपण ‘खोट्या कळा’च म्हणतो, आणि नकळत त्या बाईवरच ठपका ठेवतो.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो लंडनच्या गाइज रुग्णालयातील जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी. त्यांचा जन्म १८२३ सालचा. १८७१ च्या डिसेंबरात तेथील प्रसूतिशास्त्र मंडळापुढे त्यांनी एक निबंध वाचला, आणि तो १८७२ साली छापला गेला. गर्भाशय केवळ प्रसूतीच्या वेळी आवळते असे नाही. गर्भधारणेच्या तिसऱ्या महिन्यापासून ते ठरावीक नसलेल्या अंतराने, कोणी हात न लावताही, आपले आपण आवळते आणि सैल पडते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांची पद्धत पाहिली म्हणजे नवल वाटते. त्यांनी कोणतेही यंत्र वापरले नाही. पोटावर हात ठेवला आणि पाच ते वीस मिनिटे तो उचलला नाही, इतकेच. आधीच्या डॉक्टरांनाही पोट घट्ट लागले होते; पण त्यांनी हात लवकर उचलला, म्हणून त्यांना ते पुन्हा सैल होताना दिसले नाही. एका शोधाला वीस मिनिटांचा धीर पुरला, आणि तो धीर मिळेपर्यंत कित्येक शतके गेली!

हिक्स यांना या आवळण्याचा उपयोग दुसऱ्याच गोष्टीसाठी हवा होता. पोटात गर्भ आहे की गाठ आहे हे ओळखण्याची ती खूण आहे असे त्यांचे प्रतिपादन होते. गाठ अशी घट्ट-सैल होत नाही. शिवाय या हालचालीने गर्भाशयातले रक्त खेळते राहते, असेही त्यांनी सुचविले. त्यांनी वर्णिलेले आवळणे बहुधा वेदनारहित होते, आणि त्याला ‘खोटे’ म्हणावे असे काही त्यांच्या प्रतिपादनात नव्हते. पुढे जगाने मात्र त्यांचे नाव नेमके खोट्या कळांना चिकटवले. आज पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांतून ‘ब्रॅक्स्टन हिक्स’ हे नाव तरुण मुली सहज उच्चारतात. पण त्या नावामागचा मुद्दा, की हे काम गर्भाशय पहिल्यापासून करीतच असते, तो बहुतेक विसरला गेला आहे.

हिक्स यांच्या निबंधानंतर चौदा वर्षांनी, १८८६ च्या मार्च महिन्यात, पुण्यात जन्मलेल्या एका मुलीने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली. ती आनंदीबाई जोशी. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे शल्य त्यांना शेवटपर्यंत राहिले आणि त्यातूनच त्या वैद्यकाकडे वळल्या. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय आमच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे : आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. सातासमुद्रापलीकडे नवी विद्या शिकत असता या मुलीने आपल्या जुन्या ग्रंथांकडे पाहिले. त्या मायदेशी परतल्या, पण क्षयाने जर्जर होऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रुग्ण स्त्रीच्या पोटावर हात ठेवून थांबण्याची संधी त्यांना स्वदेशात मिळालीच नाही. त्यांच्या पदवीच्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले, तेथे स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळू लागल्या. पुढे पुण्याच्या सेवासदनाने, ज्याची स्थापना १९०९ ची, परिचारिका तयार करण्याचे काम हाती घेतले. सुइणीची खोली आणि डॉक्टरांचा दवाखाना यांच्यामधला रस्ता अशा रीतीने हळूहळू बांधला जात होता.

याच सुमारास मुसळाचा पक्ष नव्या रूपाने पुढे आला. १९०६ साली लंडनमध्ये हेन्री डेल यांना आढळले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय जोराने आवळते. तीन वर्षांत, १९०९ साली, ब्लेअर बेल यांनी तो प्रसूतीच्या कामी वापरल्याचे प्रसिद्ध केले. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी त्यातले मुख्य द्रव्य, ऑक्सिटोसिन, प्रयोगशाळेत बनविले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविले. या औषधाने असंख्य बाळंतिणींचे प्राण वाचले आहेत. प्रसूतीनंतर होणारा रक्तस्राव थांबविण्यास त्याच्याइतके उपयोगी दुसरे औषध क्वचितच असेल. पण तेच औषध ज्याच्या हाती नसावे त्याच्या हाती गेले. शरीर अजून सराव करीत आहे, गर्भाशयाचे तोंड उघडलेले नाही, आणि ‘कळा वाढविण्यासाठी’ म्हणून कोणी घरी येऊन सुई टोचतो. हा प्रकार आपल्या देशात खेडोपाडी घडत आलेला आहे. त्याने गर्भाशय फाटू शकते, मूल गुदमरू शकते. आत्रेयाने नाकारलेले मुसळ ते हेच. फक्त आता ते काचेच्या नळीत भरलेले होते.

सराव म्हणजे नेमका कशाचा, हे समजायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. दक्षिण अमेरिकेतील माँटेव्हिडिओ शहरात आल्वारेझ आणि काल्देरो-बार्सिया या दोन संशोधकांनी गर्भाशयातील पाण्याचा दाब प्रत्यक्ष मोजला. गर्भाशय कधीच पूर्ण निश्चल नसते, असे त्यांना दिसले. आरंभी बारीक लाटा उठतात, त्या एका कोपऱ्यात उठतात आणि तेथेच विरतात. दिवस भरत येतात तसतशा त्या मोठ्या होतात, दूरवर पसरतात, आणि अखेर सर्व गर्भाशय एकाच वेळी आवळू लागते. १९७७ साली गारफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे एक कारण दाखवून दिले : प्रसूती जवळ आली, की गर्भाशयाच्या स्नायूंच्या पेशींमध्ये परस्परांना जोडणारे सूक्ष्म दुवे झपाट्याने वाढतात.

हे लेझमीच्या उदाहरणाने चटकन समजेल. जत्रेच्या महिनाभर आधी गावची पोरे संध्याकाळी देवळापुढे जमतात. आज चार आली, उद्या सहा. एकाचा पाय पुढे, दुसऱ्याचा मागे. लेझीम खणखणते, पण ताल जमत नाही. दूरच्या माणसाला वाटावे, उगाच गलका चालला आहे. पण तो गलका खोटा नसतो. रोजच्या त्या गलक्यातूनच पाय जुळतात, आणि जत्रेच्या दिवशी हलगीच्या एका ठोक्याला साठ लेझिमी एकदम वाजतात. गर्भाशयाचेही तसेच. सरावाच्या कळांना ताल नसतो. दहा मिनिटांनी एक, मग तासभर काहीच नाही. त्या बहुधा पोटाच्या पुढच्या भागात जाणवतात, वाढत जात नाहीत. खऱ्या कळांना हलगी सापडलेली असते. त्या पुष्कळदा कमरेतून निघून पुढे येतात, त्यांच्यातले अंतर कमी होत जाते, जोर आणि मुदत वाढत जाते, आणि गर्भाशयाचे तोंड उघडत जाते. या दोहोंच्या मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ मात्र नाही. एका रात्री सराव संपून उत्सव कधी सुरू झाला, हे लेझीम खेळणाऱ्यालाही कित्येकदा सांगता येत नाही.

येथे एका मराठी माणसाचे ऋण मानणे आवश्यक आहे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. काही स्त्रियांच्या बाबतीत उलटाच प्रकार होतो : कळा जवळजवळ येतच नाहीत, आणि तरीही चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भाशयाचे तोंड आपोआप उघडते व गर्भ जातो. असे एकामागून एक गर्भ गेलेल्या स्त्रियांना घरी-दारी काय काय ऐकावे लागले असेल याची कल्पनाच करावी. शिरोडकरांनी मांडीतील स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी घेऊन त्या तोंडाभोवती आवळून बांधली, आणि गर्भ टिकू लागले. ‘शिरोडकरांचा टाका’ जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. सरावाच्या कळांत आवळणे आहे पण उघडणे नाही. शिरोडकरांच्या रुग्णांत उघडणे होते पण आवळणे नव्हते. केवळ पोट दुखते की नाही यावरून निवाडा करता येत नाही, हे या दोन टोकांवरून स्पष्ट व्हावे.

१९५४ साली न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल फ्रीडमन यांनी शंभर बाळंतपणांवरून एक आलेख काढला : किती तासांत तोंड किती उघडते. आलेख अभ्यासासाठी होता. पण पुढे तो वेळापत्रकासारखा वापरला जाऊ लागला. जी बाई आलेखाच्या मागे पडली, तिला सुई, आणि तरीही मागे राहिली तर शस्त्रक्रिया. ज्या स्त्रिया कळा पुरत्या जमण्यापूर्वीच दाखल होतात, त्यांच्यावर असे उपचार अधिक होतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. अखेर २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. जोमाचा टप्पा तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर धरावा. त्याआधीचा सुप्त टप्पा किती तासांचा असावा याला ठरावीक माप नाही, तो बाईगणिक फार वेगळा असतो. आणि दर तासाला एक सेंटिमीटर उघडले नाही, एवढ्याच कारणावरून हस्तक्षेप करू नये. आई आणि मूल सुखरूप असतील, तर थांबा आणि पाहा. आत्रेयाचे मत जिनिव्हापर्यंत पोहोचायला बराच काळ लागला खरा!

आता आपण पुन्हा सारोळ्याच्या पुलाशी येऊ. थांबा आणि पाहा, हा उपदेश शहरात सोपा आहे. दवाखाना दोन चौक सोडून असेल, तर घरी निवांत बसून कळा मोजता येतात. डोंगरातल्या वाडीला तो परवडत नाही. ओढ्याला पाणी आले, दरड कोसळली, तर थांबलेली बाई अडकते. म्हणून घरचे घाई करतात, आणि ती घाई मूर्खपणाची नसते. भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले, रस्ते झाले, घाट रुंदावले; २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळू लागली; गावोगाव आशा कार्यकर्त्या आल्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होतात, आणि सुमारे चौथा हिस्सा शस्त्रक्रियेने होतात. पहिल्या आकड्याचा अभिमान बाळगावा. दुसऱ्याचा विचार करावा. दवाखाना गाठणे आपल्याला साधले, थांबणे अजून साधलेले नाही.

थांबण्यासाठी जागा लागते, हे आमच्या पूर्वजांना कळत होते. पहिल्या बाळंतपणाला मुलीने सातव्या महिन्यातच माहेरी जावे, ही आपली रूढी. तिची कारणे अनेक सांगतात. पण तिच्या पोटात एक शहाणपण होते. माहेरी कोणी विचारीत नसे की, ‘अजून कसे नाही?’ आई रात्री तीन वेळा उठवली तरी तीन वेळा उठे, चौथ्यांदाही रागावत नसे. सरावाच्या कळांना जो धीर लागतो तो माहेरात होता. राज्य शासनाने आदिवासी जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात, दूरच्या पाड्यांवरील गर्भवतींना दिवस भरत आल्यावर आधीच येऊन राहता यावे म्हणून जी सोय केली, तिला ‘माहेरघर’ हेच नाव दिले. आम्हाला या नावात चरकाच्या सूतिकागृहाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. ही कल्पना केवळ आदिवासी भागापुरती का असावी? वेल्ह्याच्या डोंगरात पावसाळ्याचे चार महिने काढणाऱ्या लेकीलाही, हमरस्त्याजवळ दोन आठवडे निर्धास्त राहण्यासाठी एक खोली हवीच आहे.

व्याख्यान ऐकून घरी जाणाऱ्याच्या पदरात काही पडावे, म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो. पोट आवळून आले, तर पाणी प्यावे, लघवी करून यावे, डाव्या कुशीवर निजावे, आणि घड्याळ पाहावे. तासाभरात विरले, तर तो सराव. कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिट-मिनिटभर टिकणाऱ्या, अशा तासभर येत राहिल्या, तर निघावे; दवाखाना दूर असेल, किंवा बाळंतपण पहिले नसेल, तर त्याहूनही लवकर निघावे. मात्र काही वेळा घड्याळ पाहत बसू नये. सदतीस आठवडे भरण्यापूर्वी नियमित कळा येऊ लागल्या, पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेले, मुलाची हालचाल मंदावली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा पोट सैल न पडता सतत घट्ट आणि दुखरे राहिले, तर तत्काळ दवाखाना गाठावा. आणि घरी येऊन सुई टोचून कळा वाढविण्याची तयारी दाखविणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

आणखी एक गोष्ट, आणि ती बायकांपेक्षा पुरुषांसाठी आहे. दवाखान्यातून ‘अजून अवकाश आहे’ असे ऐकून परत आलेल्या पोरीला कोणी हसू नये, खर्चाचा हिशेब तिच्यासमोर मांडू नये. ती खोटे बोललेली नाही. तिच्या शरीराने तिला खरीच हाक दिली होती. फक्त ती हाक तालमीची होती. पुढच्या रात्री ती पुन्हा उठवील, तेव्हा पुन्हा तितक्याच तत्परतेने उठावे. तिला सांगण्याचा संकोच वाटू न देणे, यातच तिची आणि तिच्या मुलाची सुरक्षितता आहे.

हिक्स यांनी वीस मिनिटे हात उचलला नाही, म्हणून त्यांना जे दिसले ते दिसले. आमची विनंती इतकीच, की आपणही हात लवकर उचलू नये.